नाव एक, व्यक्ती अनेक

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे, की अविश्वसनीय माणसाने बातमी आणल्यास तिची छाननी करावी. अन्यथा अजाणतेपणी कोणाची तरी हानी होईल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल. छाननीचा एक पैलू आपल्या ध्यानात क्वचितच येतो. कधी बातमी खरी असते. परंतु ज्याच्याविषयी ती आहे, तो माणूस आपण समजतो त्याहून वेगळा असतो.

हदीसवेत्त्यांनी हा धोका फार पूर्वीच ओळखला. हदीस कथन करणाऱ्यांच्या साखळीत, म्हणजे सनदमध्ये, एकाच नावाच्या अनेक व्यक्ती येतात. त्यांपैकी एक विश्वसनीय आणि दुसरी दुर्बल असेल, तर नावाच्या गल्लतीने कमकुवत कथन ग्राह्य ठरेल किंवा प्रमाण हदीस नाकारली जाईल. म्हणून ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’ ही ज्ञानशाखा निर्माण झाली. खतीब बगदादी (मृत्यू हिजरी 463) यांनी याच नावाचा ग्रंथ लिहिला.

ह. अनस बिन मालिक (र.) म्हटले, की आदरणीय प्रेषितांची (स.) दहा वर्षे सेवा करणारे अन्सारी सहाबी आपल्याला आठवतात. परंतु बनू कअब कुळातील दुसरे सहाबीही याच नावाचे होते. प्रवाशाच्या रोज्याविषयीची एक हदीस त्यांच्याकडून आली आहे. खलील बिन अहमद नावाचे एक विद्वान बसऱ्याचे. ते अरबी छंदशास्त्राचे जनक होते. याच नावाचे दुसरे सिजिस्तानचे हनफी काझी. दोघांत सुमारे दोन शतकांचे अंतर आहे.

अबू बक्र अल-कफ्फाल यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ‘कफ्फाल’ म्हणजे कुलुपे बनविणारा. या नावाचे दोन विद्वान झाले आणि दोघेही शाफई पंथाचे! शाश येथील थोरले कफ्फाल हिजरी 365 मध्ये निवर्तले, तर मर्वचे धाकटे कफ्फाल हिजरी 417 मध्ये. धाकटे कफ्फाल खरोखरच कुलुपे घडवीत असत आणि वयाच्या तिशीच्या सुमारास ते ज्ञानार्जनाकडे वळले. पुढे ते महान धर्मशास्त्रज्ञ झाले, तरी कारागिरीचे नाव त्यांच्यासोबत कायम राहिले. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

मात्र व्यवसायदर्शक नावही नेहमीच पुरेसा पुरावा नसते. बसऱ्याचे हदीस-कथनकर्ते खालिद ‘अल-हज्जा’, म्हणजे ‘पादत्राणे बनविणारे’, म्हणून ओळखले जात. प्रत्यक्षात ते पादत्राणे बनवीत नसत. त्या कारागिरांमध्ये त्यांची ऊठबस असे, एवढेच.

आपल्याकडील अत्तार, तांबोळी, मणियार, बागवान, पिंजारी ही आडनावेही व्यवसायांवरूनच आली आहेत. एकेका गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसे आढळतात. अशा वेळी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. कोणाच्या गुन्ह्याची वा कर्जबुडवेपणाची वार्ता ऐकताच, केवळ नाव जुळले म्हणून ती आपल्या ओळखीच्या माणसाला चिकटवू नये. जो दोष एखाद्यात नाहीच, तो त्याच्या माथी मारणे म्हणजे बुहतान होय.

2. विवाहाच्या स्थळाची चौकशी करताना वडिलांचे नाव, गाव आणि व्यवसाय यांची खात्री करावी. अर्धवट चौकशीने एखाद्या निरपराध मुलीचे वा मुलाचे जुळत आलेले लग्न मोडू शकते.

3. प्रामाणिक श्रमाच्या व्यवसायावरून कोणालाही हिणवू नये.

नावाच्या एका गल्लतीने हदीसला बाध येऊ नये, म्हणून आपल्या पूर्वसूरींनी आयुष्ये वेचली. आपल्या बांधवाच्या अब्रूसाठी आपण घटकाभर थांबून विचारपूस करू नये काय? अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.