डुकराचे मांस व कुत्र्याचे खाद्य

कारखान्यात तयार झालेल्या कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवरील घटकांची यादी वाचली असता कित्येकदा तीत डुकराच्या मांसाचा उल्लेख आढळतो. विशेषतः अमेरिकेतील खाद्यांत तो बराच दिसून येतो. हे ऐकून डुक्कर पाळणाऱ्याच्या मनात साहजिकच असा विचार येतो की, परदेशातील कारखाना जर डुकराची फुप्फुसे व आतडी कुत्र्याच्या खाद्यात घालतो, तर डुक्कर कापल्यावर तेच भाग आपण दारच्या कुत्र्यापुढे टाकले तर बिघडले कोठे? या दोन गोष्टींत जो फरक आहे तो ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेऊन गावकऱ्यांना समजावून दिला पाहिजे. कारण त्यावर केवळ कुत्र्याचेच नव्हे, तर घरातील मुलांचेही आरोग्य अवलंबून आहे.

यादीतील शब्दांचा अर्थ

अमेरिकेतील डबाबंद श्वानखाद्याचा आरंभ १९२२ मध्ये झाला, तो घोड्याच्या मांसावर. पुढे कत्तलखान्यांतून माणसाच्या उपयोगी न पडणारे गाई-बैल, डुकरे व कोंबड्या यांचे भाग मुबलक मिळू लागले आणि घोड्याचे मांस मागे पडले. तेथील नियमांप्रमाणे यादीत नुसते 'पोर्क' लिहिले असेल तर ते डुकराचे स्वच्छ मांस होय. 'पोर्क बाय-प्रॉडक्ट्स' म्हणजे मांसाखेरीजचे इतर स्वच्छ भाग: फुप्फुसे, प्लीहा, मूत्रपिंडे, यकृत, रक्त, हाडे, तसेच आतील घाण काढून टाकलेले जठर व आतडी. केस, दात व खूर यांत धरले जात नाहीत. 'पोर्क मील' हा मांस शिजवून, चरबी निथळून काढून व वाळवून केलेला भुगा असतो.

बाय-प्रॉडक्ट्स हा शब्द वाचून काहीतरी टाकाऊ माल खपविला जात आहे असे समजण्याचे कारण नाही. गोव्यात डुकराच्या यकृत-हृदयाचे सोरपोतेल आवडीने खाल्ले जाते. तेथे या भागांना कोणी टाकाऊ म्हणणार नाही. कुत्र्याच्या दृष्टीने हे भाग पौष्टिकच असतात. डुकराचे मांस कुत्र्याला चांगले पचते व त्यात ब-१ जीवनसत्त्व विपुल असते. गोमांस, दूध किंवा कोंबडी यांच्यामुळे काही कुत्र्यांच्या अंगाला खाज सुटते. डुकराच्या मांसाने तसे होण्याचे प्रमाण त्यामानाने कमी आढळते.

उष्णतेचे महत्त्व

कारखान्यातील मांस कच्चे राहत नाही, ही यातील मुख्य गोष्ट होय. भुगा करताना कच्चा माल बारीक करून साधारणतः ११५ ते १४५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ४० ते ९० मिनिटे शिजविला जातो. डबाबंद खाद्य डब्याचे तोंड बंद केल्यावर दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवितात. या उष्णतेपुढे कृमी व रोगजंतू टिकत नाहीत. तिच्यामुळे ब-१ जीवनसत्त्वाचाही बराचसा नाश होतो, म्हणून ते कारखान्यात वरून मिसळावे लागते.

ही दक्षता जेथे अपुरी पडते तेथे काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. कुत्र्यांना चघळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डुकराच्या वाळविलेल्या कानांतून २०१९ मध्ये साल्मोनेला जंतूंचा प्रसार झाला. ३४ राज्यांतील १५४ माणसे आजारी पडली. ते कान हाताळल्यामुळे किंवा ते चघळणाऱ्या कुत्र्याच्या सहवासामुळे माणसांना ही बाधा झाली होती. मांस केवळ वाळविले म्हणजे ते निर्धोक झाले असे मानू नये.

कच्च्या अवयवांचा धोका

गावात डुक्कर, मेंढी वा शेळी कापल्यावर तिच्या यकृतावर किंवा फुप्फुसावर कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. कापणारा त्या कापून कुत्र्यांपुढे फेकतो, किंवा तो सबंध भागच फेकतो. या गाठींत एका पट्टकृमीची असंख्य पिले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी बनतात व सुमारे सहा-सात आठवड्यांनी त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडू लागतात. कृमी अवघा तीन ते सहा मिलिमीटर लांबीचा असल्यामुळे विष्ठेत सहसा नजरेस येत नाही. कुत्रा मात्र धडधाकट दिसतो, आणि यामुळेच घरच्यांना संशय येत नाही.

ही अंडी गवतावर, पाण्यात व कुत्र्याच्या केसांवर राहतात. मोकाट डुकरे ती खातात आणि त्यांच्या पोटात नव्या गाठी होतात. कुत्र्याशी खेळून हात न धुता भाकरी खाणाऱ्या मुलाच्या पोटातही ती जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात ही गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

आउजेस्की नावाचा विषाणुरोगही कच्च्या डुकराच्या मांसातून कुत्र्याला होतो. अमेरिकेतील व्यापारी वराहकळप २००४ मध्ये त्यातून मुक्त झाले. परंतु काही देशांत तो अद्याप आहे. कुत्रा तोंड खाजवून खाजवून रक्तबंबाळ करतो, लाळ गाळतो व दोन-तीन दिवसांत मरतो. लाळ गाळणारा कुत्रा पाहून हा आउजेस्की की पिसाळणे, याची चर्चा गावात करीत बसू नये. तो पिसाळलेलाच आहे असे समजून दूर राहावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे.

घरी खाद्य करावयाचे झाल्यास

निरोगी जनावराचे उरलेले अवयव कुत्र्यास अवश्य द्यावेत, पण शिजवून. त्यांचे लहान तुकडे करून, पाण्याला उकळी फुटल्यापासून किमान पाऊण तास शिजवावेत. फुप्फुसाचे तुकडे पाण्यावर तरंगतात. ते वारंवार ढवळून खाली दाबावेत, अन्यथा वरचा भाग कच्चा राहतो. तिखट, मीठ, कांदा, लसूण काहीही घालू नये. कांदा कुत्र्याला विषारी आहे. वर आलेली चरबी काढून टाकावी, कारण अतिचरबीने कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येते. शिजलेली हाडे देऊ नयेत; त्यांच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतडे फाटते.

हे मांस ज्वारीच्या कण्या किंवा भात यांत मिसळून द्यावे. मात्र ते एवढेच परिपूर्ण खाद्य नव्हे. मांसात स्फुरद भरपूर व चुना अत्यल्प असल्यामुळे केवळ यावर वाढविलेल्या पिलांचे पाय वाकतात. कारखान्याच्या खाद्यात चुना मोजून मिसळलेला असतो. घरच्या खाद्यात तो किती घालावा हे पशुवैद्यास विचारावे.

रोगाने मेलेले डुक्कर मात्र शिजवूनही वापरू नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशातून भारतात प्रथम नोंदला गेला. तो कुत्र्याला होत नाही. परंतु कुत्र्याने ओढून नेलेला तुकडा दुसऱ्याच्या डुकरांपर्यंत पोहोचला तर तेथील सर्व डुकरे दगावू शकतात. अशी मढी व गाठी असलेले अवयव पुरुषभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचावेत.

ज्या कुत्र्यांनी पूर्वी कच्चे अवयव खाल्ले असतील त्यांना दवाखान्यातून वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल द्यावे. या औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा गोळा करून जाळावी.