वेगांमधली तफावत

चि. बाळास,


लायसन्स मिळालं, गाडीही दारात आली आणि आता तू इंदापूरहून बारामतीच्या एमआयडीसीत रोज ये-जा करणार, हे ताईनं कळवलं. फार आनंद झाला. माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामावर गेली, म्हणून थोडं सांगतो. गाडीवर तुझा हात चांगला बसलाय, पण नुसत्या हातावर आपल्या रस्त्यावर भागत नाही.

2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्ते अपघातांत गेली. सरकारी नोंदीत त्यातल्या दर दहांपैकी सातांमागे अतिवेग हे कारण लिहिलं आहे. ते खरंच आहे. पण आपल्या भागात त्याला आणखी एक गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे वेगांमधली तफावत.

तू ज्यावरून ये-जा करणार, त्या पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली. रस्ता रुंद झाला, पण त्यावरची माणसं आणि त्यांची कामं तीच राहिली. गळीत हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाच्या डबल ट्रॉल्या निघतात, बैलगाड्या निघतात. निमगाव केतकीचा शेतकरी दुचाकीवर चाऱ्याचा भारा बांधून येतो. बेलवाडी, सणसर, काटेवाडीची पोरं शाळेसाठी रस्ता ओलांडतात. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरनं चालते, ट्रॅक्टर पंधरा-वीसनं आणि तुझी गाडी शंभरनं.

आता हिशेब कर. रात्री लासुर्ण्याच्या पुढे तू शंभरनं चालला आहेस आणि समोर वीसच्या वेगानं उसाची ट्रॉली आहे. तिला मागं दिवा नाही, रेडियम नाही. डिपरच्या उजेडात ती पन्नासेक मीटरवर दिसली, असं धर. तुमच्यातलं अंतर सेकंदाला 22 मीटरनं तुटतं, म्हणजे तुझ्या हातात जेमतेम सव्वादोन सेकंद राहतात. त्यातला दीडेक सेकंद ट्रॉली ध्यानात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत जातो. उरलेल्या वेळात कसलेला ड्रायव्हरही गाडी आवरू शकत नाही. तीच गाडी साठवर असती, तर हाच ब्रेक लागून पुढं जागा उरली असती. खरं कसब संकट समोर येण्याआधी, वेग ठरवतानाच दाखवायचं असतं. उजेड पोचतो तेवढ्या टप्प्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेव.

अमेरिकेत 1964 साली डेव्हिड सोलोमन यांनी ग्रामीण महामार्गांवरच्या अपघातांचा अभ्यास केला. सरासरीहून फार जोरात जाणारी आणि फार हळू जाणारी, अशी दोन्ही वाहनं अपघातांत जास्त सापडतात, असं त्यांना दिसलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, की हळू वाहनांतली बरीचशी वळण घेणारी होती. म्हणून यावरून ‘सगळ्यांनीच जोरात जावं’ असा अर्थ कुणी काढला, तर तो मानू नकोस. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते आणि बैलगाडीनं कितीही ठरवलं तरी ती पळणार नाही. तफावत कमी करायची, तर ती वेगवान गाडीनंच करायला हवी.

यात रस्त्याचीही जबाबदारी आहे. माणूस चुकणारच, पण त्या चुकीनं त्याचा जीव जाऊ नये असा रस्ता बांधायचा, हे धोरण स्वीडनच्या संसदेनं 1997 साली स्वीकारलं. आपल्याकडे त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ट्रॅक्टर आणि दुचाकीला सेवारस्ता हवा, शाळेजवळ भुयारी मार्ग हवा, फाट्यावर दिवे हवेत, कडेची पट्टी भक्कम हवी. सोयीसाठी दुभाजक फोडून गावानं पाडलेली वाट ही या सगळ्यावर पाणी फिरवते. तिथं चारच्या वेगानं ओलांडणारा माणूस शंभरच्या वेगासमोर येतो. आणि भुयारी मार्ग लांब पडतो म्हणून राँग साइडनं येणाऱ्या दुचाकीशी तुझ्या गाडीचा वेग वजा होत नाही, त्यांची बेरीज होते.

म्हणून सांगतो. फाटा दिसला की पाय आधीच सैल सोड. ट्रॅक्टरच्या मागं आलास, तर पुढचं नीट दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नकोस. डबल ट्रॉलीची लांबी अंधारात कळत नाही आणि तिच्यापुढं बैलगाडी असू शकते. बारामती-इंदापूर सुमारे 50 किलोमीटर आहे. शंभरऐवजी ऐंशीनं गेलास, तर सगळी मिळून साडेसात मिनिटं जास्त लागतील. तेवढी आधी निघ.

शिवाय आपल्या घरचाही ऊस कारखान्याला जातो. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या ट्रॉलीला मागून आणि बाजूंनी रेडियम लाव, मागचे दिवे चालू आहेत का ते स्वतः बघ, ऊस ट्रॉलीबाहेर येईल असा भरू देऊ नकोस. ग्रामसभेत सेवारस्त्याचा आणि फाट्यावरच्या दिव्यांचा विषय मांड. मंजूर होईपर्यंत पुन्हा पुन्हा मांड. गाडी चालवणाऱ्या शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यायला हवं, कारण पायी आणि बैलगाडीनं जाणाऱ्यांचं सरकारदरबारी कुणी लवकर ऐकत नाही.

ताईला नमस्कार सांग. कामाला लागलास की पत्र लिही.

तुझा,
मामा