‘अणू’ आणि ‘केंद्र’ : व्युत्पत्त्यर्थ व रूढार्थ

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ असलेले तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करीत आहे. त्याच्या नावातील दोन शब्दांच्या आधारे व्युत्पत्त्यर्थ आणि रूढार्थ यांतील भेद पाहू.

‘अ‍ॅटम’ हा शब्द ग्रीक ‘आतोमोस’पासून आला. त्यातील ‘आ’ नकारदर्शक असून तो संस्कृत ‘अ’चा सगोत्र आहे; ‘तोमोस’चा संबंध कापण्याशी आहे. म्हणजे ‘अ‍ॅटम’ म्हणजे अच्छेद्य. तारापूरला मात्र युरेनियमच्या अणूचे विखंडन करूनच ऊर्जा मिळवली जाते. व्युत्पत्ती खोटी ठरली नाही. विज्ञान पुढे गेले आणि शब्द नव्या अर्थाने टिकला.

मराठीने येथे ‘अच्छेद्य’ असे शब्दशः भाषांतर केले नाही. संस्कृतातील ‘अणु’, म्हणजे सूक्ष्म, हा वैशेषिक दर्शनातील परिचित शब्द स्वीकारला. हिंदीत मात्र ‘अ‍ॅटम’साठी ‘परमाणु’ रूढ झाला, आणि मराठी ज्याला ‘रेणू’ म्हणते त्याला हिंदी ‘अणु’ म्हणते. मूळ एक असूनही दोन भाषांत संज्ञेचा अर्थ वेगळा ठरला. म्हणून हिंदी मजकुराचे भाषांतर करताना केवळ शब्दसाम्यावर विसंबल्यास शास्त्रीय चूक होते.

आता ‘केंद्र’ पाहा. हा शब्द संस्कृत वाटतो. परंतु तो ग्रीक ‘केन्त्रोन’पासून ज्योतिषशास्त्राच्या मार्गाने संस्कृतात आला. मूळ अर्थ आर, टोक. त्यावरून कंपासचे रोवलेले टोक, म्हणून वर्तुळाचा मध्य. आणि पुढे एखाद्या कार्याचे ठिकाण. तारापूरच्या नावात हा शेवटचा अर्थ आहे. लॅटिन ‘न्यूक्लिअस’ म्हणजे फळातील गर किंवा गाभा. या संज्ञेसाठी मराठीने ‘केंद्र’ला ‘क’ प्रत्यय जोडून ‘केंद्रक’ हा शब्द योजला. अशा रीतीने लॅटिन संज्ञेचा मराठी पर्याय ग्रीक मुळावर उभा आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते, त्याचा आजचा अर्थ ठरवत नाही. तसेच, परभाषेतून आलेला शब्द वापराने रुळला की तो आपलाच होतो. ‘केंद्र’ परका म्हणून आज कोणी टाळत नाही.

स्वाध्याय : ‘रेणू’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ शोधा आणि त्याचा आजच्या शास्त्रीय अर्थाशी असलेला संबंध पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.