भोगलेल्यांनी सांगितलेले : किशोरवयातील बॉर्डरलाइन विकार

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डर, म्हणजेच सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, हा मुळात भावना आवरण्याच्या क्षमतेशी निगडित असलेला विकार आहे. त्यात भावना चटकन उसळते, इतरांच्या मानाने फार वर जाते आणि ओसरायला पुष्कळ वेळ घेते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत त्याला १९८० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. आजच्या सूचीत त्याची नऊ लक्षणे दिलेली असून त्यांपैकी किमान पाच आढळली तरच निदान होते. सोडून दिले जाण्याची असह्य भीती, आज डोक्यावर घेतलेल्या माणसाचा उद्या तिटकारा यावा अशी हेलकावणारी नाती, स्वतःच्या ओळखीविषयीचा संभ्रम, आततायी वागणे, स्वतःला इजा करून घेणे आणि आतून सतत जाणवणारी पोकळी ही त्यांतली ठळक लक्षणे होत.

किशोरवयात थोडीफार चंचलता स्वाभाविकच असते, त्यामुळे 'वयच तसे आहे' असे म्हणून हा विकार वर्षानुवर्षे दुर्लक्षिला जातो. अनेक डॉक्टरही अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत हे निदान उच्चारणे टाळतात, कारण कोवळ्या वयात कपाळी शिक्का बसू नये असे त्यांना वाटते. हेतू चांगला असला तरी त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. लक्षणे वर्षभर टिकून असतील तर अठराच्या आतही निदान करता येते असे निदानसूचीच सांगते, आणि मेलबर्नमध्ये अँड्र्यू चॅनन यांच्या गटाने पंधरा ते पंचवीस या वयोगटासाठी लवकर उपचार देणारी सेवा उभी करून त्याची उपयुक्तता दाखवली आहे.

चुकीच्या निदानाने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण या विकारावरील प्रमुख उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनहान यांचेच आहे. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, स्वतःला वारंवार इजा करत असल्यामुळे त्यांना अमेरिकेतील एका रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या तेथे राहिल्या. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले. जड औषधे, विजेचे झटके आणि एकांताची खोली असे सारे झाले, पण इजा करून घेणे थांबले नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही पद्धती विकसित केली आणि २०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच रुग्णालयात उभ्या राहून आपली कहाणी प्रथमच जाहीरपणे सांगितली. आपल्याला त्या वयात बॉर्डरलाइन विकारच होता, असे मागे वळून पाहताना त्या म्हणतात.

त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, जन्मजात तीव्र संवेदनशीलता आणि ती संवेदना सतत नाकारणारा भोवताल, हे दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत राहिले की विकार बळावतो. या अवस्थेची तुलना त्यांनी अंगभर भाजलेल्या माणसाशी केली आहे, ज्याला साधा स्पर्शही वेदना देतो. अशा मुलीला 'एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस', 'नाटकं पुरे झाली', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असे ऐकवले, तर तिची भावना शमत नाही. ती पटवून देण्यासाठी आणखी मोठ्याने मांडावी लागते, एवढेच ती शिकते. याचा अर्थ सगळा दोष आईवडिलांचा, असा मात्र अजिबात नाही, कारण एरवी समंजस असलेले घरही अशा वादळापुढे गांगरून जाते. उपचारात म्हणूनच आधी भावनेला मान्यता द्यायची असते आणि मगच बदलाची भाषा करायची असते. मान्यता देणे म्हणजे कृतीला संमती देणे नव्हे. 'तुला किती दुखलं असेल ते कळतंय' असे म्हणूनही 'पण हाताला इजा करणं चालणार नाही' हे ठामपणे सांगता येते.

या पद्धतीतील एक साधन घरच्यांनीही समजून घ्यावे, ते म्हणजे साखळीचे विश्लेषण. समजा, अकरावीतील मुलीने शुक्रवारी रात्री स्वतःला इजा केली आणि घरच्यांच्या मते मैत्रिणीने उत्तर दिले नाही एवढेच त्याचे कारण होते. प्रत्यक्षात एकेक दुवा मागे जात तपासला की दिसते ते असे : आदल्या रात्री तीनपर्यंत जागरण झालेले, दुपारचा डबा तसाच परत आलेला, वर्गात सरांनी सर्वांदेखत गुणांवरून टोकलेले, संध्याकाळच्या संदेशावर दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर न आलेले, 'आता ती कायमची गेली' हा विचार, लावून घेतलेले दार आणि दाराबाहेरून आलेले 'झालं का पुन्हा सुरू?' हे शब्द. झोप, जेवण, विचार, दार, शब्द यांपैकी कोणत्याही दुव्यावर साखळी तोडता आली असती, आणि पुढच्या वेळी ती कोठे तोडायची हे त्या मुलीसोबत बसून, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता, ठरवायचे असते. लाट अगदी शिगेला असताना चेहऱ्यावर थंडगार पाणी धरल्याने हृदयाची गती मंदावते, हेही शिकवले जाते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारूनच करावे.

किशोरांसाठी बेतलेल्या या उपचाराची ऑस्लो येथे ७७ मुलामुलींवर १९ आठवडे चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत इजा करून घेण्याचे प्रमाण अधिक घटले. केवळ या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. सोबत नैराश्य असल्यास औषध लागू शकते, आणि ते मनाने बंद करू नये. मेरी झनारिनी यांच्या गटाने अमेरिकेतील २९० प्रौढ रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या मर्यादेखाली राहिली, परंतु त्यासोबत काम आणि नाती दोन्ही नीट सांभाळता आली अशांचे प्रमाण निम्मेच होते. म्हणजे लक्षणे जातात, पण त्या काळात सुटलेले शिक्षण आपोआप परत येत नाही. बरे वाटेपर्यंत शाळा-कॉलेज बंद ठेवण्याचा सल्ला म्हणूनच फार विचारपूर्वक घ्यावा.

महाराष्ट्रात अनेक कुटुंबे पोलीस केसच्या धास्तीने इजेची गोष्ट लपवतात आणि उपचार लांबतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही, हे माहीत असलेले बरे. घरातील औषधे आणि शेतीघरांतील कीटकनाशके कुलपात ठेवावीत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. लिनहान यांच्या पद्धतीत स्वतःला इजा करून घेण्याआधी फोन करायला रुग्णाला शिकवतात, तेव्हा हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये शांत दिवशीच साठवून ठेवावा आणि फोन लावल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे तेही त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे.