अध्ययन आणि अवधान

दरवर्षी परीक्षांचे दिवस जवळ आले की मंदिराच्या कार्यालयात पालकांची एक ठराविक विचारणा सुरू होते. मुलगा महाविद्यालयात शिकतो, पुस्तक उघडून बसतो, परंतु घटकाभरही त्याचे चित्त एका ठिकाणी ठरत नाही. हातातील मोबाइल पाच मिनिटांनी वाजतो, आणि वाजला नाही तर तो का वाजला नाही म्हणून हात तिकडे जातो. तर संस्थेने अशा मुलामुलींकरिता ध्यानाचा एखादा वर्ग काढावा, म्हणजे चित्तही शांत होईल आणि गुणही वाढतील, अशी ही विनंती असते. विनंती रास्त आहे. तिच्यात दडलेली समजूत मात्र तपासून घ्यावयास हवी. ध्यान हे जणू एक चाटण आहे. अभ्यासापूर्वी दहा मिनिटे ते घेतले की पुढचे सारे आपोआप पचते, अशी ती समजूत आहे. आमच्या मते ध्यान आणि अध्ययन यांचा संबंध याहून पुष्कळ जवळचा आहे, आणि तो उमगल्यावाचून वर्ग काढण्यात फारसे हशील नाही.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली आपल्यापैकी कित्येकांनी प्रवचनांतून ऐकली असेल. भृगु आपल्या पित्याकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणून विनवितो. वरुण त्यास ब्रह्माची खूण तेवढी सांगतो आणि तप करावयास धाडतो. भृगु तप करतो, अन्न हेच ब्रह्म असे जाणतो आणि पुन्हा पित्याकडे येतो. वरुण त्यास चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. तप कर, एवढेच सांगतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. दर वेळी तेच येणे आणि दर वेळी तेच परत धाडणे. आनंद हे ब्रह्म, हे कळल्यानंतर मात्र भृगु पुन्हा विचारावयास गेल्याचा उल्लेख नाही. या कथेतील तत्त्वज्ञानाची चर्चा आपल्याकडे विपुल होते. तीत एक अध्यापकही आहे आणि त्याला उत्तर ठाऊक असूनही तो ते सांगत नाही, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आता अगदी निराळ्या देशातील आणि निराळ्या विद्येतील एक हकीकत हिच्याशेजारी ठेवून पाहावी. लुई अगासी हा मूळचा स्वित्झर्लंडचा प्राणिशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत हार्वर्ड येथे अध्यापक होता. त्याच्याकडे सॅम्युएल स्कडर नावाचा तरुण कीटकांचा अभ्यास करण्याच्या इच्छेने दाखल झाला. अगासीने बरणीत मद्यार्कात ठेवलेला एक मासा काढून त्याच्यापुढे ठेवला, याच्याकडे पाहा, काय पाहिलेस ते मी नंतर विचारीन, असे सांगितले आणि तो निघून गेला. दहा मिनिटांत स्कडरचे पाहून झाले! अगासीचा शोध घेतला तर तो गेलेला. अर्धा तास गेला, तास गेला. मासा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. भिंग वापरण्याची मुभा नव्हती, दुसरे कोणतेही साधन नव्हते. दोन हात, दोन डोळे आणि तो मासा. घशात बोट घालून दात किती तीक्ष्ण आहेत ते चाचपले, खवल्यांच्या ओळी मोजल्या, आणि अखेर काही सुचेना म्हणून तो माशाचे चित्र काढू लागला. तेव्हा कोठे त्यास त्या माशात नव्या नव्या गोष्टी दिसू लागल्या.

अगासी परत आला. चित्र काढण्याची कल्पना त्यास पसंत पडली. परंतु शिष्याने पाहिलेले सर्व ऐकून घेतल्यावर, सर्वांत ठळक गोष्टच तुझ्या दृष्टीस पडलेली नाही, असे सांगून तो पुन्हा चालता झाला. स्कडरने ती रात्र बेचैनीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी, माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीने आहेत, हे उत्तर त्याने दिले, तेव्हा गुरूस मनापासून आनंद झाला. मग आता पुढे काय करू, असे शिष्याने विचारताच मात्र आज्ञा झाली की, माशाकडे पाहा. असे तीन दिवस चालले. स्कडर पुढे फुलपाखरांचा आणि अश्मीभूत कीटकांचा नामांकित अभ्यासक झाला. १८७४ साली ही हकीकत प्रसिद्ध करताना, आपल्या कीटकशास्त्राच्या शिक्षणातील सर्वांत उत्तम धडा या माशानेच दिला, अशी कबुली त्याने दिली आहे.

वरुणाचा विषय ब्रह्म आणि अगासीचा विषय मासा. दोहोंत साम्य कसले, असे कोणी म्हणेल. साम्य शिकविण्याच्या रीतीत आहे. दोघेही शिष्याला परत पाठवितात, आणि पाहणाऱ्याचे चित्त ज्या क्षणी आता झाले असे म्हणू लागते, नेमक्या त्याच क्षणी परत पाठवितात. ज्यास आपण अवधान म्हणतो त्याचा खरा व्यायाम तेथून पुढे सुरू होतो.

मात्र येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिष्यांना पुन्हा पाहा म्हणून सांगणाऱ्या या अगासीने डार्विनचा उत्क्रांतिवाद १८७३ साली मरेपर्यंत मान्य केला नाही. इतकेच नव्हे, तर मानवाचे निरनिराळे वंश मुळातच निरनिराळे निर्माण झाले, अशा मताचा त्याने हिरीरीने पुरस्कार केला. गुलामगिरीच्या त्या काळात या मताने किती अनर्थास हातभार लावला असेल याची कल्पनाच करावी. माशाच्या बाबतीत जो इतका धीर धरू शकला तो माणसाच्या बाबतीत निष्कर्ष आधीच ठरवून बसला होता. तेव्हा दीर्घकाळ पाहणे एवढ्याने भागत नाही. ठरवून ठेवलेले बाजूस सारण्याची तयारीही लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आणि पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास आणि वैराग्य ही जोडी एकत्र सांगितली आहे. वैराग्याचा अर्थ आपण संसारत्याग एवढाच करतो. परंतु स्वतःच्या मतावरील आसक्ती सोडणे हेही वैराग्यच, आणि विद्वानास ते संसारत्यागाहून कठीण जात असावे.

त्याच हार्वर्ड विद्यापीठात कलेचा इतिहास शिकविणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स यांनी २०१३ साली आपली अध्यापनपद्धती विस्ताराने मांडली. विद्यार्थ्याने एका चित्रावर प्रबंध लिहावयाचा असला की त्याने प्रथम संग्रहालयात जाऊन त्या एका चित्रासमोर सलग तीन तास बसावे आणि मनात येणारी निरीक्षणे व प्रश्न टिपून ठेवावेत, अशी त्यांची अट असते. तीन तास! विद्यार्थी प्रथम कुरकुर करतात. इतका वेळ पाहण्यासारखे त्या चित्रात असणार तरी काय, असे त्यांस वाटते. नंतर तेच विद्यार्थी, काय काय दिसले ते आश्चर्याने सांगत परततात. बाईंनी हा प्रयोग स्वतःवरही करून पाहिला. जॉन सिंगल्टन कॉपली या चित्रकाराने १७६५ साली काढलेले, पाळीव उडती खार साखळीने धरून मेजाशी बसलेल्या मुलाचे चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. मुलाच्या कानाची वळणे आणि खारीच्या पोटाकडील केसाळ झालर यांचा आकार एकच आहे, हे ध्यानात यावयास त्यांस नऊ मिनिटे लागली. साखळी धरलेल्या बोटांमधील अंतर आणि पुढ्यातील पाण्याच्या पेल्याची रुंदी नेमकी सारखी आहे, हे दिसावयास एकवीस मिनिटे लागली. मागील पडद्याच्या ज्या चुण्या सहज पडल्यासारख्या वाटतात, त्यांत मुलाच्या कानाचे व डोळ्याचेच आकार पुन्हा आले आहेत, हे कळावयास पाऊण तास जावा लागला. ही कलेची शिक्षिका काही चित्रांवर नजर फिरविणारी हौशी प्रेक्षक नव्हे. अशा जाणत्या डोळ्यांनाही पाऊण तास लागतो. एखादी वस्तू डोळ्यांपुढे आली म्हणजे ती दिसलीच असे नव्हे, हे विद्यार्थ्यास व्याख्यानाने पटत नाही.

अमेरिकेतील उच्च शिक्षणात हा विचार अलीकडे बराच पसरला आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखणाईतांकरिता आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे ज्यास आता आपल्याकडेही माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपद्धती व हठयोग यांतून त्यांनी धार्मिक भाग वगळून तो बांधला होता. १९९७ पासून निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांना आपल्या अभ्यासक्रमात चिंतनाचा अंतर्भाव करण्यासाठी पाठ्यवृत्ती मिळू लागल्या, आणि अशा शंभरांहून अधिक पाठ्यवृत्ती दिल्या गेल्या. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड लेव्ही यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच ई-मेल वाचण्याचे निरीक्षण करावयास लावले: हात यंत्राकडे केव्हा वळतो, त्या वेळी श्वास कसा असतो, मनात काय असते. यंत्र टाकून द्या, असा उपदेश त्यांनी केला नाही. आपल्या सवयी पाहून स्वतःचे नियम विद्यार्थ्यांनी स्वतःच ठरवावयाचे होते. मोबाइलवरून घरोघरी जे वाद झडतात त्यांत हा मार्ग पालकांस उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

याचा गुण किती येतो? इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर घेतलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आठ आठवडे सजगतेचे शिक्षण घेतलेल्यांना परीक्षेच्या काळात इतरांहून कमी मनस्ताप झाला, असे तीत आढळले. हे विद्यार्थी आपण होऊन आले होते, हे लक्षात ठेवावे. त्याच देशात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या, फार मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले, ते निराळे होते. वर्गातील साऱ्या मुलांना सरसकट सजगता शिकविली, तेव्हा शाळेतील नेहमीच्या शिकवणीहून मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात अधिक सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आधीच मनाने खचलेल्या काही मुलांवर तर उलट परिणाम झाल्याची चिन्हे होती. शिक्षकांना मात्र त्याचा थोडा लाभ झाला.

या दोन चाचण्यांपुढे आम्ही पुष्कळ वेळ थबकलो. सक्तीचे ध्यान हे सक्तीच्या पाठांतरासारखेच. वेळ संपण्याची वाट पाहण्यात जाते. आणि डोळे मिटल्यावर ज्याच्या मनात भीतीच उसळते, अशा मुलास, बस आणि मन शांत कर, असे फर्मावणे ही क्रूरताही ठरू शकते. त्यास प्रथम घरच्यांचा आधार आणि आवश्यक तेथे वैद्याचा सल्ला मिळावयास हवा. मंदिराचा वर्ग ही त्यावरील तोड नव्हे.

पाश्चात्यांनी आमचेच घेतले आणि आम्हांस ते परत शिकवीत आहेत, असे उद्गार या विषयावर बोलताना हटकून निघतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्या अभिमानाने आमच्या घरातील एकही मूल अधिक लक्ष देऊन वाचू लागत नाही. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने मैत्रेयीस सांगितलेला क्रम. आपल्या महाविद्यालयांत त्यांतील श्रवणाची तासिका होते, तिची हजेरी लागते, आणि त्यानंतर एकदम परीक्षा येते. मननाला वेळापत्रकात जागा नाही. पाठांतरास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याने घनपाठ्यांचे पठण ऐकले आहे त्याला पाठांतरातही केवढे अवधान लागते हे माहीत आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांजवळ अवधानच मागितले. ते कवीने मागावे आणि श्रोत्याने द्यावे असे देणे आहे. मार्गदर्शक पुस्तिका ते मागत नाही, म्हणून तिच्या वाचकाला ते देण्याची सवयही राहात नाही.

ध्यानाचा स्वतंत्र वर्ग तूर्त काढू नये, असे आमचे मत झाले. त्याऐवजी रविवारच्या अभ्यासवर्गातील मोठ्या मुलामुलींसमवेत गेल्या चातुर्मासात आम्ही एक लहानसा प्रयोग केला. ज्याला यावयाचे त्याने यावे, मध्येच उठून जावेसे वाटले तर जावे, एवढाच नियम होता. सभामंडपातील उजवीकडचा कोरीव लाकडी खांब दाखवून, अर्धा तास याच्याकडे पाहा आणि जे दिसेल ते लिहून काढा, असे सांगितले. अकरा जण बसले. दोघे उठून गेले. पहिल्या दहा मिनिटांत सर्वांचे लिहून झाले: वेलबुट्टी, कमळ, चार पोपट. त्यानंतर चुळबुळ, जांभया, आणि थोडे हसणेही झाले. आम्ही काहीच बोललो नाही, आणि हे न बोलणे आम्हांसच सर्वांत जड गेले. तो खांब आम्हांला ठाऊक आहे, असे आम्ही समजत होतो.

अर्धा तास संपता संपता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले की, तीन पोपट देवाकडे तोंड करून आहेत आणि चौथा दाराकडे, तो तसा का? चाळीस वर्षे या मंडपात येणाऱ्या आम्हां कोणासही ते माहीत नव्हते. कारागिराची चूक असेल, असे एकाने म्हटले. त्यावर दुसऱ्या मुलाने, चौथ्या पोपटाचे लाकूड किंचित फिकट आहे, तो भाग मागाहून बसविला असावा, असे दाखवून दिले. तेही खरे निघाले. दुसऱ्या रविवारी कोणी न सांगता सात मुले आली आणि डावीकडच्या खांबापुढे बसली.

या अभ्यासाने गुण किती वाढले, असे एका पालकांनी विचारले आहे. खांबावर प्रश्न आलेला नसल्याने ते सांगता येत नाही. त्या मुलीने मात्र मंडपाच्या दुरुस्तीचे जुने हिशेब पाहण्याची परवानगी मागितली आहे. जुन्या वह्यांची पेटी माळ्यावर असून कार्यवाहांनी ती उतरविण्याचे मान्य केले आहे. त्या काळचा मोडी हिशेब वाचू शकणाऱ्या सभासदांनी रविवारी सकाळी पूजेनंतर थांबावे.