धडा : उभ्या ट्रॅक्टरची राखण

वाचन : मत्तय २५:१४–३०



पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर भात हे मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मग मळणी उरकली की लहान ट्रॅक्टरला जूनपर्यंत फारसे काम नसते. यंत्र चालून झिजते, तसे नुसते उभे राहूनही बिघडते. म्हणून शेडमध्ये लावण्याआधी एक दिवस त्याला द्यावा.

१. अडकलेला पेंढा काढून ट्रॅक्टर धुवावा. पेंढ्यात उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. वाळल्यावर ग्रीस भरावे.

२. जुन्या ऑइलमध्ये आम्ल व काजळी असते. ऑइल-फिल्टर बदलून इंजिन पाच मिनिटे चालवावे.

३. डिझेलची टाकी पूर्ण भरावी. रिकाम्या टाकीत हवेतील ओलीचे पाणी होते.

४. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. बॅटरी काढून दरमहा चार्ज करावी.

५. सायलेन्सरचे तोंड झाकावे. सुरू करण्याआधी आठवणीने उघडावे.

दाखल्यातील दासाने पुरलेले धन निदान जसेच्या तसे परत आले. विसरलेल्या बॅटरीचे तसे होत नाही. ऐन चिखलणीत ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर आवणी लांबते, रोपाचे वय उलटते आणि त्या घराचे वर्षाचे भात घटते. यंत्रासाठी आपण आनंदाने देतो. ऑइल, फिल्टर व बॅटरीसाठीही दरवर्षी थोडे बाजूला काढू या.

मननासाठी : आपल्या मंडळीला मिळालेले कोणते दान आज वापराविना पडून आहे?