तोंड कोणाचं, मास्क कोणता

इचलकरंजीत मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहिलं की मास्क मागायला येणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य कानावर पडतं : “ताई, भारीतला द्या.” कोणाला हवाय, कशासाठी हवाय, हे आपणहून कोणी सांगत नाही. मी विचारलं तर काहींना रागही येतो. पैसे आम्ही देतोय, चौकशा कशाला? तरी मी विचारते. ही सवय मला एका घरामुळे लागली.

घर यंत्रमाग कामगाराचं. दोन खोल्या, लहानमोठी मिळून सात माणसं. मागच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यापुढं कपाट उभं केलेलं. थोरल्या भावाचा खोकला जाईना म्हणून थुंकी तपासली, तर क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं काकांसाठी दणकट दिसणारा एन-९५ आणून दिला. पुढं प्लास्टिकची गोल चकती असलेला. तो संपल्यावर त्यांची बायको माझ्याकडं आली. “तसलाच द्या ताई, चकतीचा. ह्यांना त्यात श्वास सोडायला बरं पडतंय.” बोलताना तिनं स्वतःच्या तोंडाला पदर लावला होता. जावेनं म्हणे टिकल्या लावलेला कापडी मास्क घेतला होता. पोरांना काहीच नव्हतं. घरातला सगळ्यात महाग मास्क आजारी माणसाच्या तोंडावर, आणि तोही नेमका नको त्या जातीचा.

त्या चकतीला उच्छ्वासाची झडप म्हणतात. श्वास आत घेताना ती मिटते, म्हणून हवा गाळणीतून येते. श्वास सोडताना ती उघडते आणि आतली हवा न गाळता सरळ बाहेर पडते. सिमेंटच्या धुळीत, ग्राइंडिंगच्या कामावर राबणाऱ्यांसाठी ही सोय आहे. त्या माणसाच्या उच्छ्वासाचा कोणाला धोका नसतो आणि मास्कच्या आत घाम कमी साचतो. क्षयाच्या रुग्णानं तोच घातला तर घरच्यांपासून त्याचं रक्षण होतं आणि त्याचा खोकला मात्र घरात सुटतो. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं अशा झडपवाल्या मास्कबद्दल राज्यांना पत्र लिहून सावध केलं होतं. तरी दुकानांतून ते गेले नाहीत. दिसायला भारी असतात ना.

पुढं काही महिन्यांनी त्या घरातल्या धाकट्या भावाच्या मुलीला बारीक ताप येऊ लागला, वजन उतरलं. तिलाही क्षयच निघाला. त्या चकतीमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. निदान होण्याआधी काका त्याच बंद खोलीत कितीतरी आठवडे खोकत होते आणि तेव्हा कोणाच्याच तोंडाला काही नव्हतं. योग्य गोळ्या सुरू झाल्या की रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्यानं कमी होतो, हेही खरं. मला खटकलं ते वेगळंच. निदान झाल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी होती. ज्यांना आजार नाही त्यांना क्षयप्रतिबंधक औषधं मिळतात, तीही सरकारी कार्यक्रमातून फुकट. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून अर्धं घर गेलंच नाही. “भारीतला मास्क आणलाय की!” म्हणून मंडळी निर्धास्त होती. मुलगी औषधं पूर्ण करून बरी झाली, शाळेत जाते.

तर पहिला प्रश्न हाच : अडवायचंय ते कोणाच्या तोंडातून निघणारं, की कोणाच्या नाकात शिरणारं?

खोकताना, बोलताना तोंडातून जे उडतं ते निघतेवेळी ओलं आणि त्यातलं बरंच जड असतं. तिथल्या तिथं ते अडवायला साधा तीन पदरी मास्क, ज्याला आम्ही थ्री-प्लाय म्हणतो, बराच उपयोगी पडतो. एकदा हवेत गेलं की थेंबातलं पाणी उडून जातं आणि मागं उरतो एक ते पाच मायक्रॉनचा कण. तो बंद खोलीत तासन् तास तरंगू शकतो. समोरच्यानं तोच थ्री-प्लाय घातला असेल तर हा कण गालाशेजारच्या फटीतून हवेबरोबर सहज आत जातो. त्याला अडवायला चेहऱ्याला चिकटून बसणारा एन-९५ लागतो. म्हणून क्षयरोग्याला थ्री-प्लाय आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला बिनझडपेचा एन-९५. स्वस्त मास्क पेशंटला आणि महाग मला, हे सांगायला घरच्या बाईला जीभ रेटत नाही. नवऱ्याला हलकं द्यायचं आणि आपण भारी वापरायचं? मी तिला सांगते, तुमच्या नवऱ्याच्याच पोरांसाठी वापरताय.

आजाऱ्याच्या तोंडावरच्या साध्या मास्कानं कितपत फरक पडतो, याचा एक प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. अश्विन धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण असलेल्या वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या दोन खोल्यांत सोडली. एका खोलीत रुग्णांनी मास्क घातलेल्या दिवसांची हवा जायची, दुसरीत न घातलेल्या दिवसांची. दोन्हीकडं ९०-९० प्राणी. मास्क नसलेल्या हवेत ६९ प्राण्यांना संसर्ग झाला, मास्क असलेल्या हवेत ३६ जणांना. संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तो साध्या सर्जिकल मास्कनं. पण ३६ हा आकडाही लहान नाही. म्हणून कपाट हलवून खिडकी उघडा हे मी मास्कच्या आधी सांगते. आजाऱ्यानं दिवसाचा जास्तीत जास्त वेळ बाहेर ओट्यावर बसावं. झोपताना मास्क घालणं काही जमत नाही, तेव्हा खोली वेगळी असेल तर उत्तम, नसेल तर निदान हवा खेळती हवी.

“डॉक्टरच लावत नाहीत, तर आम्ही कशाला?” असंही लोक विचारतात. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगते. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. वू लिएन-तेह नावाचा तरुण डॉक्टर म्हणत होता की हा प्लेग श्वासावाटे पसरतोय, कापूस आणि गॉझचा जाड मास्क बांधा. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही. तो उघड्या तोंडानं रुग्ण तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगनं वारला. डॉक्टर लावत नसतील तर ते चुकतायत, एवढंच.

आमच्या गावात एक निराळीच अडचण आहे. इथं सगळ्यांना कापड कळतं. एक कारखानदार मास्क हातात घेऊन धागे मोजायचं भिंगच मागायला लागले. “ह्याचं रीड-पीक काय? आम्ही ह्याच्यापेक्षा घट्ट काढतो.” त्यांचं बरोबर होतं, पण मास्कचा मधला पांढरा थर विणलेला नसतोच. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन गरम हवेच्या झोतानं फुंकून त्याचे अतिबारीक तंतू एकावर एक बसवतात आणि त्यांवर स्थिर विद्युतभार चढवतात. चाळणीत भोकापेक्षा मोठं असेल तेच अडकतं. इथं जवळून जाणारा बारीक कण तंतूकडं ओढला जाऊन चिकटतो. अडवायला सगळ्यात अवघड कण साधारण ०.३ मायक्रॉनचा, म्हणून एन-९५ ची परीक्षा त्याच आकारावर होते आणि ९५ टक्के तरी अडवले पाहिजेत अशी अट असते. त्याहून बारीक कण हवेत इतके वेडेवाकडे भरकटतात की ते तंतूंवर आपटून उलट जास्त अडकतात. कापड कितीही घट्ट विणा, हा विद्युतभार त्याला येत नाही. शिवाय फार घट्ट कापडातून श्वास ओढवत नाही, मग हवा कडेच्या फटींतून येते.

धुण्याचं उत्तरही यातच आहे. एन-९५ साबणानं धुतला, त्यावर सॅनिटायझर मारला, तर तो भार निघून जातो. मास्क दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो. इस्त्री तर नकोच. थ्री-प्लाय ओलसर झाला की टाकायचा. एन-९५ पुन्हा वापरायचा असेल तर कागदी पिशवीत ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. चार-पाच पिशव्यांवर वार लिहून आळीपाळीनं वापरता येतात. पट्टा सैल झाला, नाकाजवळची पट्टी मोडली, मळला, फाटला, तर त्याचा मोह सोडावा.

घालण्याबद्दल बोलायला गेलं तर लोक हसतात. एवढंही कळत नाही का आम्हाला? पण दिवसभर मी पाहते, दहातल्या निम्म्यांचं नाक बाहेर असतं. एन-९५ चा वरचा पट्टा डोक्याच्या मागं उंचावर आणि खालचा कानांच्या खाली मानेवर. दोन्ही एकमेकांवर फुलीसारखे टाकले की गालाजवळ फट पडते. नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीनं दाबू नये, मध्ये टोक येतं. दोन्ही हातांची बोटं ठेवून मधून कडेला दाबत न्यावी. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर हवा आली किंवा चष्मा धुरकटला, तर वरून गळतोय. जोरात आत ओढा, मास्क थोडा आत खेचला गेला पाहिजे. थ्री-प्लायची रंगीत बाजू बाहेर, चुण्यांची तोंडं खाली, आणि हनुवटीखालपर्यंत ओढून घ्यायचा.

दाढीवाल्यांना मी स्पष्टच सांगते की केसांवर एन-९५ बसत नाही. धर्मापायी दाढी ठेवणाऱ्या शीख डॉक्टरांनी करोनाच्या काळात दाढीवर आधी रबरी पट्टा गुंडाळून घट्ट बांधायची आणि त्यावर मास्क चढवायची पद्धत वापरली. आमच्याकडं दाढी बहुतेक हौसेची असते, तेव्हा आजाऱ्याची सेवा संपेपर्यंत उतरवायला हरकत नसावी. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मास्क लावू नये. त्याला आजाऱ्याच्या खोलीपासून लांब ठेवावं. आणि मास्कमुळे कोणाला गुदमरलं, तर आधी उघड्यावर जाऊन तो काढायचा, मग बाकीचा विचार.

विकत घेताना पाकिटावर एन-९५ छापलंय यावर जाऊ नका. छापायला शाई पुरते. अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं मान्य केलेल्या मास्कवर ‘टीसी-८४ए’नं सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याला डोक्यामागून जाणारे पट्टे असतात. कानात अडकवायचा एन-९५ दाखवून कोणी नायॉशचं नाव घेत असेल तर हसून पुढं जावं. आपल्याकडच्या मानकाचा क्रमांक आयएस ९४७३, त्यात एफएफपी-२ हा एन-९५ च्या जवळचा दर्जा. सोबत आयएसआयचा शिक्का शोधा. थ्री-प्लायची खात्री करायची तर खोक्यातला एक मास्क कात्रीनं कापा. मधला पांढरा थर नसेल तर ते नुसतं तोंड झाकणं आहे. भावाचंही सांगते, कारण आम्ही दुकानदार त्यात बदनाम झालो आणि काही जण कमावूनही गेले. मार्च २०२० मध्ये केंद्रानं मास्क अत्यावश्यक वस्तूंत घातले, ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यानं एन-९५ ला १९ ते ४९ रुपये आणि थ्री-प्लायला ४ रुपये अशी कमाल किंमत लावली. ज्या मास्कसाठी लोकांनी शेकड्यांनी रुपये मोजले तो इतक्यात विकणं परवडू शकतं, हे तेव्हा कळलं.

शिरोळकडचे शेतकरी फवारणीसाठी एन-९५ मागतात, त्यांना मी तो देत नाही. तो कण अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या कामाला कार्बनची डबी बसवलेला रबरी मास्क लागतो, हातमोजे आणि अंगभर कपडे लागतात. तसला मास्क माझ्याकडं नसतो, मी कृषी केंद्राकडं पाठवते.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मास्क घ्यायलाच न येणारं. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्कची सक्ती गेली. त्याआधीची दोन वर्षं मास्कपुरती तरी क्षयाच्या रुग्णांना बरी गेली, कारण सगळ्यांचीच तोंडं झाकलेली होती. आता गल्लीत एकटाच मास्क लावून निघाला की बायका दारातून विचारतात, “काय झालंय वो तुमच्या ह्यांना?” मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घरचेच म्हणतात, बाहेर जाताना काढून ठेवा. क्षयाच्या गोळ्या चालू असलेला मागावरचा एक कामगार मला म्हणाला, “मी सांगतोय, सुताची धूळ सोसंना म्हणून लावलाय.” मी म्हटलं, तेच सांगा. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं खराब होतात हेही खोटं नाही. पुढच्या आठवड्यात तो शेजारच्या मागावरच्या दोघांना घेऊन आला. त्यांनाही धुळीसाठी थ्री-प्लायच हवे होते. त्याला मी थ्री-प्लायचं खोकं दिलं आणि त्या दोघांना एफएफपी-२ दाखवला, झडपेचा. त्यांना तो चालतो. देण्याआधी फक्त एवढं विचारलं, घरात कोणाला खोकला आहे का, आणि तुम्हाला स्वतःला?